हँडलवर चालणारं काळीज

मी नेमकं काय काम करते हे माझ्या माहेरी, धाराशिवला, शेवटपर्यंत कुणाला नीट कळलं नाही. वडील कोर्टात कारकून होते. ते पाहुण्यांना सांगायचे, "पोरगी पुण्याला पंपाच्या कंपनीत आहे." हे काही खोटं नव्हतं. सुरुवातीची काही वर्षं मी खरोखरच विहिरीवरच्या मोटारींचे पंप रेखाटत होते. पुढं दुसऱ्या कंपनीत गेले आणि हृदयाचा पंप रेखाटू लागले, पण वडिलांच्या लेखी पंप तो पंप. तामलवाडीचे मामा तर मी सुट्टीला आले की चहा व्हायच्या आधी मला विहिरीवर न्यायचे.

"बघ गं, पाणी कमी का फेकतीय."

"मामा, मी आता माणसाच्या छातीतल्या पंपाचं बघते."

"मग ही तर लोखंडाची हाय. सोपीच की तुला!"

मामांच्या मोटारीनं मला कधी दाद दिली नाही. शेवटी ते गावातल्या मिस्त्रीला बोलवायचे आणि मला म्हणायचे, "शिक अजून." मी अजून शिकतेच आहे.

आमचं यंत्र म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं अडायला नको. माणसाचं हृदय काही वेळा बंद पडत नाही, नुसतं गळून जातं. मोठा झटका येतो, विषारी वायू छातीत जातो, आणि धडधाकट हृदय संप केल्यासारखं बसून राहतं. तेव्हा चार-सहा दिवस त्याचं काम दुसऱ्या कुणी केलं, तर ते पुष्कळदा सावरतं आणि पुन्हा कामाला लागतं. ही बदली करणारं यंत्र आम्ही बनवत होतो. मांडीच्या मोठ्या शिरेत जाड नळी घालून काळपट रक्त बाहेर घ्यायचं, पंपानं ते एका डब्यातून ढकलायचं आणि धमनीतून परत शरीरात सोडायचं. तो डबा म्हणजे फुप्फुस. त्यात केसासारख्या पोकळ नळ्यांचा गठ्ठा असतो. नळ्यांच्या आतून प्राणवायू जातो, बाहेरून रक्त वाहतं. डब्यात शिरताना जांभळट असलेलं रक्त बाहेर येताना लालभडक होतं. कितीदाही पाहिलं तरी मला ते पाहताना बरं वाटायचं.

यात अडचण असते ती रक्ताची. पाणी कसंही वागवा, ते पाणीच राहतं. रक्त मात्र फार मानी. परकं प्लॅस्टिक लागलं की गोठतं, हिसका बसला की फेसाळतं, जोरात दाबलं की फुटतं. म्हणून आमच्या पंपाला झडपाही नसतात. आत नुसती एक चकती गरगर फिरते आणि रक्ताला पुढं लोटते. ती फिरायची थांबली तर रक्त जागेवर उभं राहत नाही, धमनीतल्या दाबानं उलटं यायला लागतं. म्हणून चकती थांबता कामा नये. आमच्या धंद्यातलं सगळं शहाणपण या एका वाक्यात मावतं, बाकी सगळं सजावटीचं.

मोठ्या शहरातल्या दवाखान्यात अशी यंत्रं असतात, पण ती कपाटाएवढी. आम्हाला हवं होतं ॲम्ब्युलन्समधून नेता येईल असं, दोघांनी उचलता येईल असं. हो-ना करता करता ते भजनातल्या पेटीएवढं झालं. एकदा पुण्याहून धाराशिवला मी ते एसटीनंच घेऊन आले, कारण कंपनीची गाडी ऐनवेळी साहेबांच्या मेहुण्याच्या लग्नाला गेली होती. कंडक्टरनं खोक्यावर थाप मारली. "पेटी का? कुठं कार्यक्रम हाय?" मी म्हटलं, यात माणसाचं हृदय आणि फुप्फुस आहे. लगेच शेजारच्या प्रवाशाला उठवून त्यानं मला खिडकीची जागा दिली आणि धाराशिव येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

आता हँडलची गोष्ट. वीज गेली तर यंत्र बॅटरीवर चालायचं, हे सगळ्यांना मान्य होतं. बॅटरीही गेली तर काय, यावर कंपनीत जुंपली. माझं म्हणणं, एक हँडल द्या. पंपाचा, म्हणजे त्या चकतीचा, डबा मोटारीवरून काढायचा, हँडलवर बसवायचा आणि हातानं फिरवायचं. वेग पुरेसा असला की हिरवा दिवा, कमी पडला की लाल. ते दिवेसुद्धा फिरवण्यातूनच पेटायचे. मोठ्या यंत्रांना असं हँडल असतंच, त्यात माझी काही हुशारी नव्हती. पण आमच्या साहेबांना ते डोळ्यासमोर नको होतं. ते परदेशात शिकून आलेले, कोट चांगला घालायचे. "हँडल म्हणजे आपल्याच यंत्रावर आपला विश्वास नाही, असं गिऱ्हाईकाला सांगणं आहे," असं ते म्हणाले. वर वजन वाढतं, रूप बिघडतं. बैठकीत कुणीतरी त्याला 'शेवयांचं यंत्र' म्हटलं आणि मग तेच नाव पडलं. मी हट्टानं म्हटलं, "शेवयांचं तर शेवयांचं. ते भारनियमनात पण चालतं." साहेबांनी नमुन्याच्या यंत्रापुरतं हँडल ठेवू दिलं, ते केवळ मला गप्प करण्यासाठी.

ते नमुन्याचं यंत्र चाचणीसाठी धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात आलं. कारण साधं होतं. हृदय गळालेल्या माणसाला दिवसेंदिवस सांभाळायची सोय तिथं नव्हती. ती सोलापूरला होती आणि मधला रस्ता यंत्राचा. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, उत्साही होते, त्यांना नळ्या घालायचा हात होता. यंत्र चालवायला शबाना शेख ही धाराशिवचीच मुलगी होती. मुंबईला शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी असली मोठी यंत्रं चालवून ती आईवडिलांसाठी परत आलेली. आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर बालाजी, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचा, देवीचा मोठा भक्त. नवरात्रात अनवाणी गाडी चालवायचा.

रस्त्यावरच्या चाचणीला माणूस घेता येत नाही, रक्त मात्र लागतं. मी खाटकाकडं गेले, गोठू नये म्हणून औषध घातलेल्या बाटल्या घेऊन. तो म्हणाला, "मटण सगळे नेतात, मुंडी नेतात, रक्त कुणी मागत न्हाय. तुमची मशीन लई कडक देवी दिसतीय." तसं ते यंत्र बोकडाच्या रक्तावर तामलवाडीपर्यंत जाऊन आलं. प्रत्येक गतिरोधकाला ते रुसायचं. नळीत फेस दिसला की जोरात पिपाणी वाजवायचं आणि पंप बंद करायचं. रस्त्याला गतिरोधक एवढे की प्रवास म्हणजे एक लांबलचक पिपाणी. अखेर मी त्याच्या बुडाखाली रबराच्या गाद्या बसवल्या आणि बालाजीला गतिरोधक हळू घ्यायला शिकवलं. यातलं काय उपयोगी पडलं हे कंपनीच्या अहवालात लिहिताना मी फक्त गाद्यांचं लिहिलं.

सगळं झालं आणि मग यंत्र महिनोन् महिने नुसतं बसून राहिलं. त्याच्या जोगा पेशंटच येईना. आणीबाणीच्या यंत्राचं हेच असतं, ते कुणाच्या तरी वाईट दिवसाची वाट बघत बसतं आणि आपण तो दिवस न येवो म्हणतो. एका खोलीत ते चोवीस तास प्लगला जोडलेलं असायचं, बॅटरी भरलेली, हिरवा दिवा लुकलुकत. बालाजी रोज त्याची धूळ पुसायचा.

त्या वर्षी नवरात्राला मी माहेरी होते. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा होते हे मी सांगायला नको. कोयता, विळा, शिलाई मशीन, सगळं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून ठेवायचं आणि त्या दिवशी त्याला काम सांगायचं नाही. दवाखान्यात ॲम्ब्युलन्सची पूजा झाली, झेंडूच्या माळा झाल्या. मग बालाजी आमच्या यंत्राकडं वळला. मी आधीच बजावून ठेवलं होतं की त्याच्यावर कुंकू टाकायचं नाही. बालाजीनं ते तंतोतंत पाळलं. यंत्रावर स्वच्छ उपरणं टाकलं, कुंकू उपरण्याला लावलं, आणि प्लग काढून ठेवला.

प्लग काढल्यावर यंत्र पिपाणी वाजवायचं. ती मीच बसवली होती. आरतीत तो आवाज बरा दिसेना, म्हणून आवाज बंद करायचं बटण दाबलं गेलं. तेही मीच बसवलं होतं. थोड्या वेळानं पिपाणी आपोआप परत वाजावी अशीही व्यवस्था मी केली होती, आणि ती वाजलीही असेल. पण तोवर खोलीला कुलूप लागलं होतं आणि चौकात लाऊडस्पीकर होता.

नंतर मी बालाजीला विचारलं, असं का केलंस. तो रडत होता. म्हणाला, "मॅडम, आई तुळजाभवानीसुद्धा वर्षातनं तीनदा निजती. आपण तिला पलंगावर निजवतोच की. ही मशीन बिचारी रातंदिस जागी. म्हटलं एक दिस तरी झोपू द्यावं." खंडेनवमीला कुणी यंत्राला निजवेल, हे मला कुठल्याही कॉलेजात शिकवलं नव्हतं. पण मी इथंच वाढलेली, रेखाटतानाच मला ते सुचायला हवं होतं.

दसऱ्याला दुपारी शबानाचा फोन आला. "मॅडम, पेशंट आलाय. आपल्या मशीनचा. पण बॅटरी अर्ध्याच्या खाली हाय."

पेशंट म्हणजे वाशीकडच्या एका गावातले प्राथमिक शाळेचे गुरुजी. सणाला घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून ते ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीत झोपले. पोत्यांना कीड लागू नये म्हणून ठेवायच्या गोळ्या दोनच दिवसांपूर्वी ठेवल्या होत्या आणि खोलीला खिडकी नव्हती. त्या गोळ्यांचा वायू हृदयाला धरतो. सकाळी उलट्या झाल्या, मग हातपाय गार पडले, आणि धाराशिवला आणेपर्यंत नाडी हाताला लागेनाशी झाली. बरोबर त्यांची बायको होती, रेखाताई. सणाचं हिरवं लुगडं, केसात कालचा गजरा. त्या एकच विचारत होत्या, "वाचतील का?"

डॉक्टर म्हणाले, "हृदय गळालंय. काही दिवस आधार मिळाला तर सावरेल. इथं तो आधार देता येत नाही, सोलापूर गाठायला हवं." नळ्या घालेपर्यंत यंत्र प्लगला लावलं, तेवढी भर पडली. नेहमीच्या दिवशी ती भर सोलापूरपर्यंत पुरली असती. ॲम्ब्युलन्समधल्या सॉकेटवर श्वासाचं मशीन चालत होतं, त्यावर दुसरा भार टाकला की दोन्ही बंद पडायची भीती. आम्ही निघालो. रक्त लाल होऊन परत जायला लागलं, गुरुजींच्या ओठांचा निळेपणा हटला. आपलं यंत्र माणसावर चालताना मी पहिल्यांदाच बघत होते. मला अभिमान वाटला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

दसऱ्याचा दिवस आणि तुळजापूरचा रस्ता, हे दोन शब्द एकत्र आल्यावर नेहमीचा दिवस कुठला. पहाटेचं सीमोल्लंघन उरकून लाखो माणसं रस्त्यानं परत निघालेली. लोक बाजूला होत होते, हात जोडत होते, पण बाजूला व्हायलाही जागा लागते. बालाजी तोंडानं आईचं नाव आणि हातानं भोंगा, दोन्ही चालू. तामलवाडी मागं पडली आणि यंत्रानं शेवटची पिपाणी वाजवली. या वेळी ती बंद करायला कुणी बटण दाबलं नाही.

शबानानं नळीला चिमटा लावला, पंपाचा डबा मोटारीवरून काढला, हँडलवर बसवला, चिमटा सोडला. सरावात लागायचा त्याहून कमी वेळ लागला असेल. हँडल मी हातात घेतलं. ज्याच्यासाठी मी वर्षभर भांडले होते ते हँडल! फिरवायला लागले, हिरवा दिवा लागला. आणि थोड्याच वेळात माझा उजवा खांदा भरून आला. तो खांदा वर्षभर धरलेला होता. हँडल कुणी फिरवायचं याचा विचार मी रेखाटताना केला होता, पण त्या रेखाचित्रात फिरवणारा माणूस नेहमी तिशीतला आणि निरोगी असायचा. डाव्या हातानं फिरवलं तर वेग टिकेना. दिवा लाल, हिरवा, लाल. डॉक्टर औषधांच्या सिरिंजा सोडू शकत नव्हते, शबाना नळ्या सोडू शकत नव्हती.

"द्या इकडं, मॅडम." रेखाताई पुढं सरकल्या होत्या. "उन्हाळ्यात सगळ्या गल्लीच्या शेवया मीच काढते. द्या."

मी हँडल दिलं. बैठकीतला तो विनोद मला आठवला आणि मला हसू आलं की रडू, ते आता सांगता येत नाही. शबाना त्यांना म्हणाली, "ताई, दिवा हिरवा ठेवायचा. बाकी कायबी बघू नका." रेखाताई फिरवायला लागल्या. एका लयीत, न चुकता. दिवा हिरवा तो हिरवाच. घामानं त्यांचं कुंकू ओघळलं, बांगड्या एकसारख्या वाजत होत्या. मी त्यांच्या मागं गुडघ्यावर बसून पाठीला आधार दिला. माझ्या शिक्षणाचा त्या प्रवासात तेवढाच उपयोग झाला.

मधेच एका वळणावर माणसांचा लोंढा आडवा आला आणि बालाजीनं करकचून ब्रेक दाबला. रेखाताईंचा हात हँडलवरून सुटला. दिवा लाल झाला. वरच्या पडद्यावरची दाबाची रेघ विहिरीत बादली सोडल्यासारखी खाली गेली, आणि लालभडक नळीत रक्त थबकून उलटं सरकू लागलं. रेखाताईंनी नळीकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडं. ते बघता बघता राखेच्या रंगाचं झालं होतं.

"ताई, हात!" शबाना ओरडली.

त्यांनी हँडल पकडलं. पुढं सोलापूर येईपर्यंत कुणीही त्यांच्या हातातून ते घ्यायला गेलं तर त्यांनी दिलं नाही. मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले, बालाजीनं गाडी थांबवून कुणी वाटसरू घेऊ का म्हणून विचारलं. त्या मान हलवायच्या आणि फिरवत राहायच्या. दवाखान्याच्या दारात तिथले डॉक्टर धावत आले. त्यांनी विचारलं, "पंप कशावर चालू आहे?" आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, "त्यांच्या बायकोवर."

गुरुजींचं हृदय काही दिवसांनी सावरलं. आधी कुरकुरत, मग नीट. नळ्या निघाल्या, आणि ते घरी गेले. रेखाताईंचे हात कोपरापासून सुजले होते, ते सावरायला गुरुजींच्या हृदयापेक्षा जास्त दिवस लागले.

पुण्याला बैठक झाली. मला वाटलं होतं, निदान आज तरी शेवयांच्या यंत्राला कुणी हसणार नाही. कुणी हसलं नाही. साहेबांनी गंभीरपणे निष्कर्ष काढला की हँडल आहे या भरवशावर माणसं बॅटरीकडं दुर्लक्ष करतात, सबब हँडल काढावं आणि बॅटऱ्या दोन द्याव्यात. पिपाणी मोठी करावी, तिला बटण नसावं. मी पुष्कळ बोलले. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हँडल निघालं. पुढं कंपनीला असं वाटलं की हे यंत्र विमानातून नेता येईल अशा श्रीमंत पेशंटसाठी करावं, आणि त्यानंतर असं वाटलं की करूच नये. धाराशिवचं यंत्र परत मागवून भांडारात टाकलं. आमच्या जिल्ह्यात दुसरं कुणाचं हृदय त्याच्यावर चाललं नाही, याची मला अजून खंत आहे. बालाजीला मात्र दवाखान्यानं ठेवून घेतलं. तो आजही गतिरोधक हळू घेतो.

मी निवृत्त झाले तेव्हा भांडारातून ते हँडल मागून घेतलं. भंगारात जाणारी वस्तू, कुणी नाही म्हणालं नाही. घरी आणून टेबलावर ठेवलं, पण माझ्या टेबलावर त्याला काही काम नव्हतं. तेव्हा पुढच्या नवरात्रात मी ते पिशवीत घातलं आणि वाशीची एसटी धरली.

खंडेनवमीचाच दिवस होता. गुरुजींच्या घरी पाटावर शाळेची पुस्तकं, विळा, खुरपं, रेखाताईंची कात्री मांडलेली होती. पोत्यांच्या खोलीला आता मोठी खिडकी पाडलेली दिसली. मी हँडल रेखाताईंच्या हातात दिलं. त्यांनी ते पदरानं पुसलं, पाटावर मधोमध ठेवलं, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. आरती झाली. पूजेतल्या कशालाही आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही, हे घरातल्या लहानथोरांना माहीत होतं. रेखाताईंनी मात्र सगळ्यांदेखत हँडल परत उचललं, आणि हवेतच दोन-चार वेढे फिरवलं. मग खाली ठेवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"बाकीच्यांनी निजावं खुशाल," त्या म्हणाल्या. "ह्याला न्हाय निजू द्यायचं."

गुरुजींनी छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. "चालू हाय बघा मॅडम. हिनं फिरवायचं सोडलं की मी थांबतो, असा हिचा समज झालाय."

रेखाताई हातातली फुलं पाटावर ठेवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"समज न्हाय," त्या म्हणाल्या. "मी बघितलंय."